‘नोव्हा, ८३’ लिहिलेल्या चौसष्ट कॅसेटींचं काय करावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, आता डब्लिनला राहता. शेजारचे आजोबा मोठं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जाताहेत. टाकून द्यायच्या सामानातून त्यांनी चौसष्ट कॅसेटींचं एक खोकं तुमच्या हातात ठेवलं. वर बॉलपेननं लिहिलंय ‘नोव्हा, ८३’, ‘सनशाइन’, ‘रेडिओ डब्लिन’ (ही डब्लिनच्या जुन्या बिनपरवाना रेडिओ स्टेशनांची नावं), आणि निम्म्या कॅसेटींवर काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही विचारलंय की या कॉम्प्युटरवर घ्यायला कोणतं यंत्र आणू, गाणी तर सगळीकडे मिळतात मग ती कापून टाकू का, खरखर एआयनं साफ करू का, आणि हे यूट्यूबवर टाकलं तर काही भानगड होईल का.

चारही प्रश्नांची उत्तरं देतो. पण त्यांच्या आधी एक पाचवा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही. हे खोकं म्हणजे नक्की काय आहे? तुम्ही ‘रेडिओ स्टेशनचं जुनं रेकॉर्डिंग’ म्हणताय. माझ्या मते ते स्टेशनचं नाहीच, ते आजोबांचं आहे. एका माणसानं एका घरात, एका रेडिओवर, स्वतःच्या मर्जीनं बटण दाबून जे ऐकलं त्याचा तो पुरावा आहे. हा फरक नुसता शब्दांचा वाटेल, पण काय कापायचं, काय साफ करायचं आणि काय कुणाला द्यायचं हे सगळं त्यावरच ठरतं.

माझ्याविषयी इतकंच सांगतो की पुण्यात घरगुती मैफलींच्या कॅसेटी उतरवून देण्यापासून मी सुरुवात केली. पुढे काही वर्षं डब्लिनला हेच काम केलं, आणि तिथे या बिनपरवाना स्टेशनांच्या कॅसेटी हातात यायला लागल्या. गायक बदलले, दुखणी तीच राहिली.

इथल्या बाकीच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. पायरेट, म्हणजे बिनपरवाना, रेडिओ म्हटलं की लोकांना समुद्रातलं जहाज आठवतं. त्या जहाजांची नाळही आयर्लंडशीच आहे. जहाजावरून चालणारं रेडिओ कॅरोलाइन काढणारा रोनन ओ’राहिली आयरिश होता, आणि १९६४ मध्ये त्याची जहाजं सजली ती लाउथ परगण्यातल्या ग्रीनोर बंदरात. पण खुद्द आयर्लंडमधली पायरेट स्टेशनं जमिनीवर होती. कुणाच्या माडीवर, कुणाच्या परसातल्या शेडमध्ये, आणि ऐंशीच्या दशकात तर सरळ रस्त्यावर पाटी लावलेल्या ऑफिसात. १९२६ पासून रेडिओ फक्त सरकारी होता. बेकायदा प्रक्षेपणाला शिक्षा होती, पण तीही १९२६ च्याच कायद्यातली, म्हणजे दंड असा की मोठं स्टेशन एका दिवसाच्या जाहिरातींत भरून टाकील. स्थानिक रेडिओला परवाने द्यायचा कायदा करू करू म्हणत एकामागून एक सरकारं येत जात राहिली, आणि त्या फटीत अख्खा एक उद्योग उभा राहिला.

तरुणांना पॉप हवं होतं आणि सरकारी रेडिओवर ते चिमूटभर मिळायचं. मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नाही. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली आणि सगळा देश रेडिओ सिलोन लावून बसला, तसंच काहीसं. आपल्याकडे त्यावर तोड म्हणून १९५७ मध्ये विविध भारती आली. आयर्लंडच्या सरकारी रेडिओनं पॉपसाठी दुसरं केंद्र काढलं ते ३१ मे १९७९ ला. त्यासाठी निवेदक आणले कुठून, तर पायरेटांकडूनच. डेव्ह फॅनिंग आणि गेरी रायन ही पुढे घराघरांत पोचलेली दोन्ही नावं बिग डी सारख्या बिनपरवाना स्टेशनांवर घडलेली.

मग १९८० मध्ये पोर्टमार्नकहून सनशाइन आलं आणि १९८१ मध्ये रेडिओ नोव्हा. ही दोन्ही हौसेची खटपट नव्हती, दमदार ट्रान्समीटर आणि चकाचक आवाज असलेली धंदेवाईक स्टेशनं होती. नोव्हा तर समुद्रापलीकडे वेल्स आणि लिव्हरपूलकडेही ऐकू जायचं. मे १९८३ मध्ये या दोघांवर लागोपाठ धाडी पडल्या, यंत्रं उचलून नेली, तेव्हा डब्लिनमध्ये लोक स्टेशनांच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. थोड्याच दिवसांत दोन्ही पुन्हा सुरू. नोव्हा १९८६ च्या मार्चमध्ये संपलं. बाकीच्यांनी १९८८ च्या नव्या कायद्यापुढे मान तुकवली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस एकेक करत स्टेशनं निरोप घेऊन बंद झाली. म्हणून तुमच्या खोक्यावरचं ‘८३’ वाचून माझे कान टवकारले. ते धाडींचं वर्ष आहे.

आता हे ध्यानात घ्या की या स्टेशनांनी स्वतःचं फारसं काही जपलं नाही. जे चाललंय तेच बेकायदा असेल तर त्याच्या नोंदी कोण कशाला ठेवील? आज जे शिल्लक आहे ते बहुतेक ऐकणाऱ्यांनी जपलेलं आहे. तिकडे अशा वेड्या श्रोत्यांना ‘अनोरॅक’ म्हणतात, पावसाळी टोपीवाल्या जाकिटावरून. काही जण तर ब्रिटन आणि युरोपातून खास सुट्टी काढून यायचे आणि हॉटेलच्या खोलीत बसून स्टेशनं रेकॉर्ड करून न्यायचे. तुमचे आजोबा अनोरॅक होते, की नुसते गाण्यांचे शौकीन? हे मला माहीत नाही, आणि पुढचं पुष्कळसं यावर अवलंबून आहे. अनोरॅकची कॅसेट अखंड चालते आणि वर तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी लिहिलेली असते. शौकिनाच्या कॅसेटवर निवेदक बोलायला लागला की ‘पॉज’ दाबलेलं असतं. अनोरॅकच्या चौसष्ट कॅसेटी असतील तर घबाड आहे. शौकिनाच्या असतील तर वेगळ्या अर्थानं घबाड आहे, पण काम कमी आहे.

म्हणून पहिलं काम यंत्र आणणं नाही. आजोबा अजून शेजारी आहेत तोवर त्यांच्याकडे चहाला जा. खोकं घेऊन जा, फोनचं रेकॉर्डिंग त्यांना विचारून चालू करा, आणि एकेक कॅसेट हातात देत विचारा. कुठल्या रेडिओवर घेतली? वायर जोडून, की रेडिओपुढे माइक धरून? तेव्हा राहायला कुठे होता? हे अक्षर तुमचंच का? ज्यांवर काही लिहिलं नाही त्या तशाच का ठेवल्या? पहिली दहा मिनिटं ते म्हणतील, छे, काही आठवत नाही. मग एखाद्या कॅसेटच्या कव्हरवरचा चहाचा डाग बघून अख्खी १९८१ ची उन्हाळी सुट्टी सांगतील. हे मी दरवेळी बघितलंय. कॅसेट आणखी पाच वर्षं टिकेल. आठवणीची खात्री कुणी द्यावी?

घरी आल्यावर खोक्यातला क्रम मोडू नका. सगळ्याचा फोटो काढा, मग प्रत्येक कॅसेटला मऊ पेन्सिलनं नंबर द्या, कव्हरमधला कागद दोन्ही बाजूंनी फोटोत घ्या. आत खोचलेलं तिकीट, चिठ्ठी, स्टेशनचं स्टिकर यांनाही तोच नंबर. आणि पहिल्या दिवशीच कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मोडून टाका. भोकांवर सेलोटेप चिकटवलेली असेल तर ती काढा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर जे जाईल ते कुठूनही परत येणार नाही.

मग नीट बघून घ्या. फितीवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट पिशवीत बंद करून बाजूला ठेवा, यंत्रात घालूच नका, नाहीतर पुढच्या सगळ्यांना प्रसाद. फितीच्या मागे पितळी पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन असतो, फीत हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा. चाळीस वर्षांत त्याचा गोंद सुटतो, आणि मग आवाज एकदम मंद, कांबळ्याखालून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात टेप खराब झाली. टेप ठणठणीत असते, पॅड पडलेलं असतं. स्क्रूवाली कॅसेट असेल तर दुसऱ्या कॅसेटच्या सांगाड्यात फीत हलवायची. चिकटवलेली असेल तर जपून फोडायची, आणि हे आधी खोक्याबाहेरच्या, काहीच रेकॉर्ड न केलेल्या कॅसेटवर दोनचारदा करून मगच.

नव्वद मिनिटांची कॅसेट साठच्या मानानं पातळ, आणि एकशेवीसची फीत तर जवळपास ९ मायक्रॉनची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. रेडिओवाल्यांना एकशेवीसचं फार प्रेम होतं, कारण उलटायला उठावं लागत नाही. त्या सर्वांत शेवटी घ्या, पुढे-मागे पळवू नका, सरळ एकदा चालवा आणि त्याच वेळी उतरवून घ्या. जुन्या फिती ओव्हनमध्ये भाजायचा उपाय इंटरनेटवर वाचाल. तो काही विशिष्ट स्टुडिओ-रिळांच्या रोगासाठी आहे. कॅसेट भाजू नका.

आता यंत्र. यूएसबीवाला स्वस्तातला कॅसेट प्लेअर आणू नका. त्याची मोटर डुलते आणि तो डोलारा कायमचा रेकॉर्डिंगमध्ये बसतो. जुना पण चांगल्या कंपनीचा कॅसेट डेक घ्या. बेल्ट आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) बदलून, हेड स्पिरिटनं पुसून घ्या, आणि डेकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणारा एक साधा ऑडिओ इंटरफेस जोडा. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव फाइलमध्ये. कुणी म्हणेल मध्यम लहरींच्या खरखरीला एवढं कशाला? गाण्यासाठी नको, खरखरीसाठीच हवं. ते पुढे सांगतो. एका तासाला सुमारे २ जीबी लागतात. चौसष्टच्या चौसष्ट नव्वद मिनिटांच्या निघाल्या तरी २०० जीबीत बसतात. एक प्रत घरी, एक दुसऱ्या डिस्कवर, एक दुसऱ्या पत्त्यावर. वेळेचा हिशेब मात्र नीट घ्या. नुसतं वाजवायला ९६ तास, आणि नोंदी धरून त्याच्या तिप्पट. एक हिवाळा जाईल. आयर्लंडमध्ये हिवाळ्यांना तोटा नाही.

डेकवर डॉल्बीचं, म्हणजे सळसळ कमी करायचं, बटण असेल ते बंद ठेवा, कागदावर ‘डॉल्बी’ला टिक केलेली असली तरी. डॉल्बी पुढे कधीही लावता येतं, चुकीचं लावलेलं काढताना घाम फुटतो.

आणि हेडचा कोन. नवशिके नव्वद टक्के इथेच घसरतात, मीही घसरलो. हेडमधली बारीक फट फितीला बरोबर काटकोनात लागते. आजोबांच्या टेपरेकॉर्डरचं हेड केसभर तिरकं असेल, तर त्याच तिरकेपणानं ते रेकॉर्ड झालंय, आणि तुमच्या सरळ हेडवर त्यातला तीक्ष्ण आवाज गळून जातो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. दोन्ही चॅनल एकत्र करून हेडफोनवर ऐका, नुसत्या सळसळीकडे लक्ष द्या, आणि स्क्रू अगदी कणभर फिरवत जिथे सळसळ सर्वांत उघडी, धारदार लागेल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूला करायचं. सुरुवातीला मी एकदाच लावून पंचवीस कॅसेटी काढल्या होत्या, आणि पंचवीसही पुन्हा काढाव्या लागल्या. स्क्रूला हात लावण्याआधी कंपनीनं गाणी भरून विकलेली एखादी चांगली कॅसेट संदर्भाला ठेवा, म्हणजे मूळ जागेवर परतता येईल.

वेग तपासायला एक युक्ती आहे, आणि ती इथे छान चालते. माडीवरच्या ट्रान्समीटरना वीजपुरवठ्याची गुणगुण असायचीच. आयर्लंडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये ५० किंवा १०० हर्ट्झला एक बारीक सूर सापडतो. तो १०० ऐवजी १०३ वर दिसला तर तुमची टेप तीन टक्के जलद चालतेय, म्हणजे सूर साधारण पाव स्वरानं चढलाय. फक्त टेप थांबवून बघा, गुणगुण तरीही राहिली तर ती तुमच्याच डेकची. गाण्यावरून वेग ठरवू नका, कारण गाणी दमदार वाटावीत म्हणून तबकडी किंचित जलद वाजवायची खोड रेडिओवाल्यांना होती. आणखी एक गंमत. कॅसेट पुढे सरकते तसा निवेदक हळूहळू पोपटासारखा बोलायला लागला, तर रेकॉर्ड करताना आजोबांच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरत होते असं समजा. मोटर मंदावत गेली, म्हणून आज बरोबर वेगानं लावली की आवाज चढत जातो.

आता कापाकापी. कापू नका. गाणं सगळीकडे मिळतं हे खरं, पण त्या गाण्याला लागून काय आलं, निवेदक कुठे आत घुसला, सुई कुठे अडकली, हे कुठेच मिळत नाही. गाणी गेली की फाइलचा वेळही तुटतो. ‘आठ वाजून दहा मिनिटं झालीत’ असं निवेदक म्हणाला आणि पुढे वीस मिनिटांनी जाहिरात आली, तर त्या जाहिरातीची वेळ मला काढता येते. गाणी कापलीत तर नाही येत. ऐकवायला म्हणून गाणी कमी केलेली वेगळी प्रत खुशाल करा. अनोरॅक मंडळींत तो जुनाच रिवाज आहे. मूळ फाइल मात्र सुईच्या टोकाइतकीही हलवायची नाही.

एआयनं सफाई करायची का, याचं उत्तरही तसंच आहे, फक्त इथे माझी स्वतःची जखम आहे. एका गृहस्थांची मध्यम लहरींवरची एक कॅसेट मी मन लावून साफ केली. मागे कुठलंसं परकीय स्टेशन कुजबुजत होतं, तेही पुसलं. गृहस्थ खूश, मी खूश, कॅसेट परत दिली, आणि कच्ची फाइल जागा हवी म्हणून उडवली. पुढे एका जाणकारानं विचारलं, मागे कोणतं स्टेशन होतं? मध्यम लहरी दिवसा जवळच्या जवळ राहतात आणि अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून हजार मैल जातात. ती कुजबूज म्हणजे रेकॉर्डिंग रात्रीचं असल्याचा पुरावा होता, आणि ते परकीय स्टेशन ओळखलं असतं तर फ्रीक्वेन्सीही कळली असती. मी दोन्ही पुसून टाकलं होतं. एआयचं तर याहून पुढचं आहे. ते खरखर काढून गप्प बसत नाही, हरवलेला आवाज अंदाजानं भरतं. ऐकायला गोड, पण तो भाग त्या दिवशी हवेत कधी गेलेलाच नव्हता. माइकनं घेतलेल्या कॅसेटींवर तर मागे भांडी वाजतात, दार आपटतं, कुणाची तरी आई जेवायला हाक मारते. ते कोण पुसणार?

इथवरचं थोडक्यात: आधी आजोबांशी बोला, मग नंबर आणि फोटो, टिकल्या मोडा, चांगल्या डेकवर प्रत्येक बाजूचा कोन लावून अखंड उतरवा, आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नका. आता मजेचं काम राहिलं, ते म्हणजे ओळखणं.

कव्हरवरच्या अक्षरावर विश्वास ठेवू नका. कॅसेट महाग होती, लोक एकावर एक रेकॉर्ड करायचे. ‘सनशाइन, ८१’ लिहिलेली एक कॅसेट मी ऐकत होतो. पंधराव्या मिनिटाला निवेदक ओरडतो, हाउटननं इंग्लंडला गोल मारला! म्हणजे १२ जून १९८८, श्टुटगार्टचा आयर्लंड-इंग्लंड फुटबॉल सामना. सात वर्षांचा फरक, आणि लेबल तसंच चिकटलेलं.

स्टेशन ओळखायला आधी फ्रीक्वेन्सी ऐका. ऐंशीच्या दशकातल्या डब्लिनमध्ये मध्यम लहरींवर ५३१ किलोहर्ट्झ म्हटलं की सनशाइन. एफएमवर ८८.५ आणि मध्यम लहरींवर ८१९ म्हटलं की नोव्हा. रेडिओ डब्लिन फ्रीक्वेन्सीऐवजी लहरीची लांबी सांगून स्वतःला २५३ मीटर म्हणवून घ्यायचं. नोव्हेंबर १९७८ मध्ये युरोपातल्या मध्यम लहरींची मांडणी बदलून नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर आली, पण सवयीनं मीटर बोलणं पुढेही चालू राहिलं. म्हणून ‘मीटर’ ऐकू आलं म्हणजे कॅसेट १९७८ च्या आधीची, असा निष्कर्ष काढू नका. आणि सगळं डब्लिनचंच असेल असंही धरू नका. कॉर्कला साउथ कोस्ट आणि ईआरआय होती, वॉटरफर्डला डब्ल्यूएलआर, उत्तरेला सीमेजवळ डंडाकला रेडिओ कॅरूसेल, द्रोहेडाला बॉइनसाइड. आजोबा सुट्टीला कुठे जायचे हा चहाच्या वेळचा प्रश्न इथे कामाला येतो.

तारीख काढताना मी दोन टोकं धरतो. गाणं फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतं, कारण जुनं गाणं केव्हाही वाजतं. बातम्या मात्र दिवसापर्यंत नेतात. पोप आयर्लंडला आले सप्टेंबर १९७९ च्या शेवटी. डब्लिनमधल्या आर्टेनच्या स्टारडस्ट नाचघराची आग १४ फेब्रुवारी १९८१ ची. १९८१ आणि १९८२ मिळून अठरा महिन्यांत तीन निवडणुका झाल्या, म्हणून बातमीत मतमोजणी ऐकली तर पंतप्रधान कोण ते नीट ऐका. बर्फानं अडकलेलं डब्लिन म्हणजे जानेवारी १९८२, पुराच्या बातम्या आणि चार्ली वादळ म्हणजे ऑगस्ट १९८६. सायकलपटू स्टीफन रोशचं स्वागत चाललं असेल तर जुलै १९८७. जो तो डब्लिनच्या हजाराव्या वाढदिवसाबद्दल बोलत असेल तर १९८८. जाहिराती फार उपयोगी. त्यातले फोन नंबर बघा. डब्लिनचे सहा आकडी नंबर टप्प्याटप्प्यानं सात आकडी होत गेले. गालिच्यांचं दुकान, डिस्को, सेकंडहँड मोटारींचा डीलर, यांचे पत्ते जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींशी ताडता येतात.

ऐकताना दर मिनिटाला नाही, पण काही बदललं की वेळ आणि एक ओळ लिहा: निवेदकाचं नाव, जिंगल (स्टेशनची छोटी धून), जाहिरात, वेळेची घोषणा, बातमी, तांत्रिक बिघाड. कळलं नाही तर ऐकू आलं तसं देवनागरीत लिहा. आयरिश गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगपेक्षा देवनागरीत कानाला जास्त इमानी उतरतात, हा मला सापडलेला फुकटचा फायदा.

तुम्हाला वाटेल धाडीचा दिवस किंवा डिसेंबर १९८८ चे अखेरचे तास सापडले तर लॉटरी. सापडले तर आनंदच, पण शेवटचे तास पुष्कळांनी रेकॉर्ड केलेत, कारण ते शेवटचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. एखाद्या मंगळवारची दुपार कुणीच मुद्दाम रेकॉर्ड करत नाही. माझ्याकडे आली तर मी आधी ती कंटाळवाणी कॅसेट यंत्रात घालीन.

राहिला यूट्यूबचा प्रश्न. मी वकील नाही, पण अनुभव सांगतो. स्टेशन बेकायदा होतं म्हणून त्यावरची गाणी बेवारस होत नाहीत. युरोपात ध्वनिमुद्रणाचे हक्क सत्तर वर्षं चालतात, म्हणजे तुमच्या कॅसेटींतलं जवळपास प्रत्येक गाणं अजून कुणाच्या तरी मालकीचं आहे, आणि यूट्यूबचं यंत्र ते मिनिटभरात ओळखतं. अख्खी फाइल टाकलीत तर ती अडवली जाईल किंवा तुमच्या खात्यावर ठपका येईल. संस्थेकडे अभ्यासासाठी ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीत आयरिश पायरेट रेडिओचा संग्रह आहे, तुमच्या घरापासून बसनं जाण्यासारखा. त्यांना आधी यादी पाठवा, खोकं नंतर. आणि देताना आजोबांचं दोन ओळींचं पत्र हवं, की या कॅसेटी माझ्या, मी त्या यांना दिल्या, आणि माझं नाव लावायचं की नाही. ते पत्र आज पाच मिनिटांत मिळतं. उद्या त्यांच्या मुलांना शोधत बसावं लागेल.

हक्कांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची जास्त काळजी वाटते. या स्टेशनांवर फर्माइशी यायच्या, त्या पूर्ण नाव आणि घराच्या पत्त्यासकट वाचल्या जायच्या. अमुक रस्त्यावरच्या अमुक नंबरच्या घरातली अमुक मुलगी आज नऊ वर्षांची झाली. ती आज पन्नाशीची आहे, कदाचित त्याच शहरात. रेडिओ डब्लिन ज्याच्यामुळे ओळखलं जायचं तो माणूस पुढे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी दोषी ठरला. त्या स्टेशनच्या कॅसेटीवर एखाद्या लहान मुलाचं नाव आणि आवाज असणं ही निरागस आठवण राहत नाही. असा भाग सापडला तर फाइलमध्ये तसाच ठेवा, नोंदीत खूण करा, संग्रहाला कळवा, आणि जाहीरपणे कुठेही टाकू नका. आजोबांनाही त्याबद्दल उगाच खोदून विचारू नका. ते स्वतःहून बोलले तर ऐका.

विकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून बरं वाटलं.

सुरुवात बिननावाच्या कॅसेटींपैकी एका साठ मिनिटांच्या स्क्रूवाल्या कॅसेटीनं करा. बिघडली तरी कमी नुकसान, आणि हात बसेल. ती उतरवलीत की पहिल्या गाण्याच्या आधीची दोन वाक्यं आणि पहिली जाहिरात इथे लिहा. निवेदक कोणत्या गावाचा उच्चार करतो तेही. स्टेशन कोणतं ते मग बघू.